सफरीचा पहिला दिवस

आपल्या घरांत सफर म्हटली की तिला कारण असावं लागतं. लग्न, मयत, दवाखाना, उरूस, जमातीतले चार दिवस, आणि अल्लाहनं बोलावलं तर हज-उमरा. ओळख ना पाळख अशा चाळीस माणसांबरोबर, भर पावसात, पाठीला सॅक बांधून दोन दिवस डोंगर तुडवायला जायचं, हे आमच्या शिराळ्याच्या घरात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पैसे भरून चिखलात चालायचं? आमच्या वेळी फुकट चालत होतो."

खरं तर फिरणं आपल्या दीनाला परकं नाही. जमिनीवर हिंडा, अल्लाहची निर्मिती पाहा, आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन शरीफ वारंवार सांगतं. इब्न बतूता 1325 साली एकविसाव्या वर्षी तँजिरहून हजला निघाला आणि फिरत फिरत आपल्या दौलताबादपर्यंत आला. हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत मी वर्गात मुलांना नेहमी सांगते. एका माणसानं दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं की तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केलास का, त्याच्याबरोबर सफर केलीस का. तिन्हीला उत्तर 'नाही' आल्यावर ते म्हणाले की मग तू त्याला ओळखत नाहीस. माणूस ओळखण्याच्या या तीन कसोट्यांपैकी शेजार हल्ली वेगवेगळ्या मोहल्ल्यांत वाटला गेला आहे आणि व्यवहार मोबाइलवर होतो. उरली सफर.

पन्हाळा ते पावनखिंड या पदभ्रमंतीचं नाव माझ्या मुलानं काढलं. तो पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे. पाटील, देशमुख, इनामदार, देसाई ही आडनावं आपल्या भागात हिंदूंत आहेत तशी मुसलमानांतही आहेत. खोली शोधताना फोनवर आडनाव ऐकून "या, बघून जा" म्हणणारे घरमालक आधार कार्ड पाहिलं की "कालच दिली हो" म्हणायचे. असं तीन ठिकाणी झालं. त्यानंतर त्यानं नुसतं आडनाव सांगायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचं एक पार्सल घरी आलं, त्यावरही फक्त आडनाव होतं. मी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अम्मी, सोपं पडतं." आजोबांनी कानात अजान देऊन ठेवलेलं नाव त्याला जड झालं होतं. त्यावर त्याला काय सांगावं हे मला सुचलं नाही.

म्हणून तो "तू पण चल" म्हणाला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ह्यांनी दुकानामुळे येणं टाळलं, पण म्हणाले, "जा तू. पोरगा बरोबर आहे, मेहरमचाही प्रश्न नाही." सासूबाईंची खरी काळजी नंतर बाहेर आली. "तिकडंच कशाला? गेल्या वर्षीचं विसरलात?" 14 जुलै 2024 रोजी विशाळगडाच्या पायथ्याला गजापूरमध्ये आपल्या लोकांच्या घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला होता. ती घरं, ती बायकापोरं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. आमची वाट पावनखिंडीत संपणार होती, पण रोख त्याच दिशेला होता. मी सासूबाईंना म्हटलं, "विसरले नाही, अम्मा. पण त्या दिशेला जायचंच नाही असं ठरवलं तर उद्या कुठल्या कुठल्या दिशा सोडायच्या?" त्या गप्प बसल्या आणि थोड्या वेळानं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणून माझ्या सॅकेत कोंबला.

निघण्याआधी मशिदीच्या इमामसाहेबांकडून मसला विचारून घेतला. घरापासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचा पल्ला अठ्ठ्याहत्तर किलोमीटरच्या वर जात होता, तेव्हा कसर लागू होती. जोहर, असर आणि इशाचे फर्ज दोन-दोन, मगरिब तीनच. कापडी मोज्यांवर मसह होत नाही, म्हणून वुजूला बूट-मोजे काढणं आलं. मी मोज्यांचे चार जोड घेतले आणि प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. जानमाजऐवजी प्लास्टिकची पातळ चटई घेतली. डोक्याला ओढणी घट्ट, वर रेनकोटची टोपी, पायात मुलानं आणलेले बूट. शाळेतल्या मुलांनी पाहिलं असतं तर बाई ओळखू आल्या नसत्या.

12 जुलै 2025, शनिवार. दिरांनी पहाटे गाडीनं वारणा ओलांडून कोडोलीमार्गे पन्हाळ्यावर सोडलं. आदल्याच दिवशी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं होतं आणि त्यात पन्हाळाही होता. गडावर त्याच गप्पा चालल्या होत्या. धुकं एवढं होतं की बाजीप्रभूंचा पुतळा जवळ गेल्यावरच दिसला. त्याच्या समोर आमचा गट जमला. बँकेतली दोन पोरं, एक नर्सताई, सांगलीचे निवृत्त एसटी कंडक्टर, कॉलेजची सात-आठ मुलं, दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आलेले एक वडील, आणि असेच बाकीचे. सगळे मिळून चाळीस.

लीडरनं गोल उभं केलं आणि सांगितलं, "नाव, गाव, आणि का आलात ते." तिघे जण सफरीला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावं अशी रसूलुल्लाह (सल्ल.) यांची शिकवण आहे. इथं अमीर होता पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक पोरगा, गळ्यात शिट्टी. तरी त्याचं ऐकायचं असं मी मनाशी ठरवलं होतं.

पाळी मुलाची आली. तो म्हणाला आडनाव, आणि "पुण्यात शिकतो." झालं. पुढची पाळी माझी. मी माझं नाव पूर्ण सांगितलं, ह्यांच्या नावासकट, जसं शाळेच्या हजेरीपटावर असतं तसं. गाव शिराळा. "म्हणजे नागपंचमीचं बत्तीस शिराळा?" तिघे-चौघे एकदम म्हणाले. मग जिवंत नाग पकडणं कायद्यानं कसं थांबलं, आता पूजा कशी होते, यावर पाच मिनिटं गेली. शिराळ्याच्या माणसाला परगावी हे चुकत नाही. मुलाचे कान लाल झालेले मला दिसले. माझ्या नावाबरोबर त्याचंही नाव अर्धं सांगून झालं होतं. पुढचा तासभर तो माझ्यापासून वीस पावलं पुढं चालला.

राजदिंडीतून आम्ही खाली उतरलो. शिवाजी महाराज गडावरून बाहेर पडले ते याच वाटेनं, असं सांगतात. पायाखाली निसरडा दगड, दोन्हीकडून पाण्याचे ओहोळ. पंचेचाळिशीतल्या गुडघ्यांना उतार चढापेक्षा जड जातो हे दहा मिनिटांत कळलं. कंडक्टरकाका मागून म्हणाले, "बाई, पाय आडवा टाका. एसटीच्या पायरीवरून उतरल्यासारखा." त्यांचा सल्ला मी दोन्ही दिवस पाळला.

तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पुढं सरकलो. खाचरांत भाताची लावण चालली होती. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका कमरेत वाकलेल्या. त्यांतली एक मला बघून म्हणाली, "तुमी पन निघाला व्हय या पोरांसंगं?" मी म्हटलं, "निघाले बघा." ती हसली आणि पुन्हा रोपाला वाकली. आमच्या हौसेचा पाऊस तिच्या कामाचा होता.

चालताना बँकेतला एक पोरगा बरोबरीला आला. चांगला होता, माझी सॅक घेऊ का म्हणून विचारत होता. बोलता बोलता म्हणाला, "मॅडम, तुमचं मराठी ऐकून वाटत नाही हं."
"काय वाटत नाही?"
तो जरा गडबडला. मीच म्हटलं, "अरे, शिराळ्यात जन्मले, मराठीत डीएड-बीएडचे पेपर लिहिले, वीस वर्षं शिकवते. दुसरं कुठलं मराठी बोलणार?" तो मोकळेपणानं हसला. असं विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. त्याच्या शेजारी, वर्गात, बेंचवर आपलं कुणी बसलेलंच नसतं, मग त्याला वाटणार तरी कुठून?

मसाईच्या पठारावर चढलो आणि जग नाहीसं झालं. हे पठार मैलोन् मैल सपाट आहे, पण त्या दिवशी चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं. वारा इतका की पाऊस आडवा येत होता. लीडरनं सगळ्यांना थांबवून नियम सांगितला. एका मागे एक ओळ धरायची. प्रत्येकानं आपल्या मागच्याला दर थोड्या वेळानं नावानं हाक मारायची. ओ आली नाही तर तिथंच थांबायचं आणि पुढं निरोप द्यायचा.

ओळीत माझ्या पुढं मुलगा आणि त्याच्या पुढं ती दहा वर्षांची पोरगी. तिनं मागं वळून विचारलं, "दादा, तुझं नाव काय?" त्यानं आडनाव सांगितलं. "ते नको. आडनावानं हाक कशी मारू? आमच्या वर्गात त्या आडनावाची तीन मुलं आहेत." क्षणभर तो बोलला नाही. मग त्यानं नाव सांगितलं. पूर्ण, त्याच्या अब्बांच्या नावासकट. "लांब आहे," ती म्हणाली. "पहिलं पुरे." आणि तिनं ते लगेच, सराव म्हणून, घशाच्या शिरा ताणून हाकारलं. वाऱ्यात ते नाव ओळीत पुढंमागं गेलं. पाठोपाठ मुलाची ओ आली.

पुढचे दोन तास ती हाक येत राहिली. हाक मारताना ती 'दादा' जोडायची. दुपारपर्यंत पुढचे कॉलेजवालेही त्याला त्याच नावानं बोलावू लागले, कारण धुक्यात त्यांच्या कानावर तेच पडत होतं. कुणी त्यावर काही बोललं नाही. एका वळणावर त्या पोरीचा बूट चिखलात रुतून बसला, तेव्हा तिनं वडिलांच्या आधी यालाच हाक मारली.

पठारावर मसाई देवीचं मंदिर आहे. गट तिथं आडोशाला थांबला. जोहरची वेळ झाली होती. मी लीडरला विचारलं, "दहा मिनिटं मिळतील का? आणि पश्चिम कुठली?" सूर्य तर सकाळपासून दिसलाच नव्हता. त्यानं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं आणि हात केला, "आपण चाललोय तिकडंच, मॅडम." पन्हाळ्याहून विशाळगड पश्चिमेला, किंचित वायव्येकडे कललेला आहे. आपल्या भागातून किबलाही जवळपास तिकडंच येतो. दिवसभर आमचं तोंड किबल्याकडे होतं.

मी आणि मुलानं थोडं बाजूला चटई टाकली. पावसाच्या पाण्यानं वुजू, ओले मोजे सोलून काढणं, पुन्हा चढवणं, यातच निम्मा वेळ गेला. नमाज झाल्यावर मी खजूर वाटायला घेतले. बहुतेकांनी घेतले. सुरुवातीपासून माझ्यापासून अंतर ठेवून असलेल्या एका बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचा उपवासही असेल म्हणून मी पुढं सरकले. पण तो नव्हता, कारण मागाहून नर्सताईंकडचा पेढा त्यांनी घेतला. हे लिहिते कारण ते झालं. एका दिवसात चाळीसच्या चाळीस माणसं आपली होत नाहीत, आणि तशी अपेक्षा धरून निघू नये.

पाऊस थोडा उघडल्यावर कंडक्टरकाकांनी विषय काढला. "बाई, तुम्ही चौथीला हा धडा शिकवता. सांगा की पोरांना." मी सांगितला. 1660 च्या मार्चमध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर यानं पन्हाळ्याला वेढा घातला आणि तो चार महिन्यांवर चालला, पावसातही सैल पडला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा-दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले. बरोबर 365 वर्षांपूर्वी, याच आषाढात, महाराज निवडक सहाशे मावळ्यांनिशी निसटले. शिवा काशिद महाराजांचा वेश घालून पालखीत बसला आणि मारला गेला. बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली आणि ते तिथंच पडले.

कॉलेजच्या एका मुलानं मग विचारलं. आवाजात खोच नव्हती, खरंच विचारत होता. "मॅडम, तुम्हाला हा धडा शिकवायला अवघड नाही वाटत?"

सगळे ऐकत होते, मुलगाही. मी म्हटलं, "अर्धा शिकवला तर वाटेल, म्हणून मी पूर्ण शिकवते. हा वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूनं कोण लढलं? सिद्दी हिलाल. त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. आणि इकडून महाराज विशाळगडाला पोचले, तेव्हा गडाचा पायथा अडवून आदिलशाहीच्या बाजूनं कोण बसलं होतं? सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. वेढा घालणारा सिद्दी, वेढा फोडायला जीव टाकणाराही सिद्दी. आता यात आपली बाजू नावावरून कशी ठरवायची ते तुम्हीच सांगा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो मुलगा "सिद्दी हिलाल" असं दोनदा पुटपुटला आणि मोबाइलमध्ये लिहून घेतलं. पालकांना एक सांगते. बालभारतीची पुस्तकं उर्दूतही निघतात, आपली मुलं हाच इतिहास आपल्या लिपीत वाचतात. घरात त्या धड्याचा विषय निघाला की आपण अवघडून गप्प बसतो आणि पोरांना वाटतं, हा आपला नव्हे. तो त्यांचाही आहे. पन्हाळ्याच्या तीन दरवाजावर फारसी शिलालेख आहेत. उर्दू येणाऱ्याला त्यांतली काही अक्षरं तरी ओळखीची वाटतात. पोरांना नेऊन दाखवा.

कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी. ओढे गुडघ्यापर्यंत भरलेले, प्रत्येक ओढ्याला साखळी करून हात धरायचा. ज्या बाईंनी खजूर घेतला नव्हता, त्यांचाही हात एका ओढ्यात माझ्या हातात आला. दोघींनी घट्ट धरला. पलीकडे गेल्यावर त्यांनी सोडून दिला.

आंबेवाडीत पोचलो तेव्हा उजेड सरत आला होता. वीसेक किलोमीटर झाले असतील. मुक्काम गावातल्या घरांत होता. आमच्या वाट्याला आलेल्या घरी आजींनी चुलीपुढं जागा करून दिली. पिठलं, तांदळाची भाकरी, लाल चटणी. जेवण सगळं शाकाहारी असल्यामुळे खाण्यापिण्याची अडचण अशी आलीच नाही. निघण्याआधी मी लीडरला हे विचारून ठेवलं होतं, तुम्हीही विचारून ठेवा. मगरिबसाठी मी कोपऱ्यात चटई टाकली, तर आजी म्हणाल्या, "तितं गळतंय. हिकडं ये, देवळीखाली." देवळीतला दिवा त्यांनी स्वतःच उचलून बाजूला ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

चुलीवरच्या दोरीला चाळीस माणसांचे नाही तरी वीसेक मोजे वाळत होते. कुणाचा कुठला हे कुणालाच कळत नव्हतं. त्या पोरीनं झोपेपर्यंत मुलाला उर्दूत स्वतःचं नाव लिहून मागितलं. त्यानं तिच्या वहीत लिहून दिलं, आणि खाली आपलं लिहिलं.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, आम्हाला जमेल का? जमेल. एकट्यानं नाही, घरचं माणूस बरोबर घेऊन. गटात बायका किती, झोपायची सोय वेगळी आहे का, जेवण काय, हे आधी विचारा. महिनाभर रोज पाच किलोमीटर चालण्याचा सराव करा. सॅक पाच-सहा किलोच्या वर नेऊ नका. नमाजची वेळ मोकळेपणानं मागा. मागितल्यावर मला कुणी नाही म्हटलं नाही.

मुलगा पुण्याला परत गेला आहे. तिथं घरमालक तेच आहेत, आधार कार्डही तेच आहे. पार्सलवर तो आता काय लिहितो ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुमच्याही घरात एखादं पोर आपलं नाव आखडून सांगायला लागलं असेल, तर त्याच्यावर चिडू नका. बाहेर त्याला जे ऐकावं लागतं ते आपण ऐकलेलं नसतं. त्याला अशा चार माणसांत न्या, जिथं हाक मारायला त्याचं पूर्ण नाव लागेल. सफर हा त्याचा एक मार्ग आहे. त्या गटातल्या सहा जणांनी हिवाळ्यात शिराळ्याला यायचं कबूल केलं आहे. त्यात ती पोरगी आणि तिचे वडीलही आहेत. सासूबाईंनी लाडवांसाठी शेंगदाणे निवडून ठेवले आहेत.